आबासाहेबांचं हलायचं मशीन

कार्तिक सरत आला की सांगलीच्या हवेत मळीचा वास उतरतो. पुष्कळांना तो गोड लागतो. परगावी राहणाऱ्यांचे डोळे म्हणे त्या वासानं भरून येतात. मला मात्र तो आयुष्यभर, भरपेट जेवलेल्या माणसानं तोंडावर दिलेल्या ढेकरेसारखा वाटत आला. गळीत हंगाम सुरू झाला की हा सगळा मुलूख तशी ढेकर देतो. दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर चिमणीची काळी राख उतरते, ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या उसानं लचकत जातात, आणि ज्याच्या चार एकरांना पाणी मिळालं तो रस्त्यानं असा बघत जातो, की जणू कृष्णा नदी त्याच्याच परसातून निघाली.

यंदा हा वास आला त्याच आठवड्यात माझा पुतण्या आला. विश्रामबागेत तो व्यायामशाळा काढतोय. व्यायामशाळा म्हटलेलं त्याला खपत नाही, जिम म्हणायचं. काखेत यंत्रांची चित्रं असलेलं जाडजूड पुस्तक होतं. म्हणाला, "काका, तुम्ही चौतीस वर्षं ड्रिल मास्तर होता. कार्डिओची मशिनं निवडायची आहेत. तुमच्याएवढं कुणाला कळणार?"

मी चष्मा लावला. गुळगुळीत कागदावर एकेक यंत्र दाखवायला आणलेल्या मुलीसारखं सजून उभं होतं. एकावर चालायचं, पण पुढं जायचं नाही. एकावर सायकल मारायची, पण चाक जमिनीला लावायचं नाही. एकावर नदी नसताना होडी वल्हवायची. एक जिना होता, त्याला वरचा मजलाच नव्हता. मी विचारलं, "हे कुणासाठी?"

"लोकांसाठी. लोकांना चालायला वेळ नाही हो काका."

"मग ते इथं येऊन काय करणार?"

"चालणार."

मला हसू आवरेना. तो रागावला, पुस्तक टेबलावर ठेवून "विचार करून सांगा" म्हणाला आणि निघून गेला. त्याचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं आहे. तो मोटारीनं आला होता, मोटारीनं गेला.

मी विचार करत बसलो खरा, पण त्या पुस्तकाचा नव्हे. व्यायामाचं यंत्र निवडायचं काम माझ्याकडं दुसऱ्यांदा आलं होतं. पहिल्यांदा आलं तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो, अंगात दम होता, डोक्यात ज्ञान होतं, आणि ते काम मी इतकं वाईट केलं, की अजूनही तो हंगाम आठवला की तोंड कडू होतं.

बहात्तरचा दुष्काळ मागं पडून दोन-तीन वर्षं झाली होती. पलूसजवळच्या एका गावात मी हायस्कूलला ड्रिल शिकवत होतो. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, मैदानावर उडणारी लाल धूळ. नोकरी मात्र हंगामीच. जूनमध्ये माझ्या हातात ऑर्डर पडायची, एप्रिलमध्ये ती मरायची. ऊसतोड्यांचा हंगाम आणि माझा हंगाम यांत एवढाच फरक, की मी पँट घालायचो.

ती ऑर्डर ज्यांच्या सहीनं निघायची ते आबासाहेब. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष तेच, साखर कारखान्याचे संचालक तेच. पन्नाशीचे, रुंद, गोरे. पांढरंशुभ्र धोतर, कडक इस्त्रीचा नेहरू शर्ट आणि पोट असं, की माणूस यायच्या आधी ते यायचं. त्यांच्या वडलांनी स्वतः मोट हाकली होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आबासाहेब मात्र ते विसरायच्या कामाला लागले होते आणि त्यासाठी त्यांच्याकडं एक जीप होती. घरापासून शाळा तीनशे पावलं. मी मोजली होती. आबासाहेब शाळेत जीपनं यायचे. ती जीप थंडीत चालू व्हायलाच दहा मिनिटं लागायची. तेवढ्या वेळात एखादी म्हातारी काठी टेकत शाळेला जाऊन परत आली असती. पण आबासाहेब गाडीत बसून राहायचे, खोकणाऱ्या इंजिनाकडं समाधानानं बघत.

त्या काळात आमच्याकडं चालणं ही गरिबीची खूण होती. कोण चालायचं? दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली माणसं चालली. सुट्टीवर आलेला जवान ताकारी स्टेशनापासून ट्रंक डोक्यावर घेऊन चालत यायचा. कवठे महांकाळकडच्या कोरड्या गावांतनं ऊसतोडे यायचे ते बैलगाडीबरोबर चालत. गाडीत भांडी, कोंबड्या आणि लेकरं, माणसं पायी. त्यांच्या बायका दिवसभर उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फडातून गाडीपर्यंत खेपा करायच्या. रोज आठ मैल चालणाऱ्या त्या बाईला कुणी व्यायाम केलास का म्हणून विचारलं नाही. आणि ज्याच्या बुडाखाली जीप आली, त्यानं पहिलं काम केलं ते पाय विसरायचं.

त्या वर्षी हंगामाच्या पहिल्याच दिवशी, कारखान्याच्या गव्हाणीत, म्हणजे ऊस आत नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर, पहिली मोळी टाकायच्या वेळी आबासाहेबांच्या छातीत कळ आली. मोळी पाच-सहा उसांचीच होती, तिला रिबीन बांधली होती. ती उचलायला वाकले आणि तिथंच बसले. त्यांना मिरजेला नेलं. पंधरा दिवसांनी घरी सोडायच्या वेळी शिकलेला माणूस बरोबर असावा म्हणून मला नेण्यात आलं. डॉक्टर लहानखुरे होते आणि दमलेले होते. म्हणाले, "थोडक्यात वाचलात. गोळ्या देतो, पण खरं औषध एकच. रोज दोन मैल चालायचं. सावकाश, पण रोज."

आबासाहेबांनी विचारलं, "चालायचं म्हंजे, पायानं?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. हा माणूस चेष्टा करतोय का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी खाली बघितलं.

परत येताना आबासाहेबांनी जीपमध्ये बसल्यावर धोतर सारखं केलं. मग म्हणाले, "मास्तर, मी गावातनं पायी निघालो तर लोक काय म्हंतील? आबाची जीप कारखान्यानं काढून घेतली म्हंतील. पुढल्या विलेक्शनला मला कुत्रं तरी इचारंल का?"

मी म्हणालो, "डॉक्टरांनी सांगितलंय, आबासाहेब."

"डाक्टरला कुठं निवडून यायचंय?" ते म्हणाले. जीव वाचवायचा, की लोकांच्या नजरेतली जीप वाचवायची, असा प्रश्न होता आणि त्यांनी जीप निवडली होती.

आठ दिवसांनी मला वाड्यावरून बोलावणं आलं. घराला वाडा म्हणायचे एवढंच. घर नवंकोरं, सिमेंटचं, पोपटी रंगाचं. आबासाहेबांचा चेहरा खुलला होता. मुंबईला कुणा बड्या माणसाच्या बंगल्यात म्हणे घरबसल्या व्यायाम करायची मशिनं होती. तसली मशिनं पाचगणीच्या एका बोर्डिंगच्या शाळेतही होती आणि तिथं त्यांच्या एका मित्राचा मुलगा शिकत होता. "आपुन जाऊन बघू. निवडायचं तुमी. तुमचा अभ्यास हाय त्यातला," ते म्हणाले. मग दाराशी निरोप देताना, सहज बोलल्यासारखं: "तुमच्या कायमच्या ऑर्डरचं बी बघू या मार्चात."

ते सहज नव्हतं, हे मला कळलं. मला कळलं हे त्यांनाही कळलं.

पौषातल्या थंडीत आम्ही पाचगणीला गेलो. पसरणीचा घाट चढताना जीप धापा टाकत होती आणि आबासाहेब तिच्या वतीनं अभिमानानं बाहेर बघत होते. वर धुकं होतं. सिल्व्हर ओकच्या झाडांखालून कोट घातलेली पोरं रांगेनं चालली होती. त्यांच्या बुटांचा आवाज अजून कानात आहे. लखपतींची पोरं, पण शाळेचा नियम म्हणून चालत होती. आबासाहेब म्हणाले, "बिचारी."

यंत्रांची खोली एका सुभेदारांच्या ताब्यात होती. साताऱ्याकडच्या फौजी गावातला माणूस, लष्करात पीटी शिकवून निवृत्त झालेला. पासष्टच्या लढाईत त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली होती. तरी रविवारी ते पाचगणीहून महाबळेश्वरला चालत जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. हे त्यांनी नाही सांगितलं, शाळेच्या शिपायानं सांगितलं. स्वतःबद्दल बोलायची त्यांना सवय नसावी.

खोलीत चार यंत्रं होती. पहिलं चालायचं. लाकडी रुळांवर ताणलेला कॅनव्हासचा पट्टा आणि धरायला पुढं दांडा. आपण चाललो की पट्टा मागं सरकायचा. आबासाहेब वहाणांसकट त्यावर चढले, वहाण सटकली, मी आणि ड्रायव्हरनं त्यांना मधल्यामधे झेललं. दुसरी सायकल. तिच्यावर धोतर आवरेना. तरी चार फेरे मारले आणि "गुडघ्यात कळ येतीया" म्हणून उतरले. तिसरं होडी वल्हवायचं यंत्र, स्प्रिंगांचं. ते जमिनीलगत होतं. आबासाहेब बसले व्यवस्थित. त्यांना उठवायला आम्ही तिघं लागलो.

चौथ्या यंत्रापाशी त्यांचा चेहरा बदलला. एक लोखंडी खांब, वर मोटर आणि तिला जोडलेला हातभर रुंद पट्टा. पट्टा कंबरेला अडकवायचा, बटण दाबायचं, उभं राहायचं. बास. बाकी मोटर करते. सुभेदारांनी बटण दाबलं आणि आबासाहेब हलू लागले. पोट हललं, गाल हलले, टोपी डोक्यावरच्या डोक्यावर थरथरू लागली. आवाजसुद्धा हलत होता. "ह्ये-ये-ये झ्या-या-क हाय!" ते म्हणाले. पन्नास वर्षांचा माणूस, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखा हसत होता. मी आजवर पुष्कळ माणसं व्यायाम करताना बघितली. व्यायाम माणसाला करतोय, हे त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

सुभेदारांनी बटण बंद केलं. म्हणाले, "साहेब, ह्यानं काय होत न्हाई. पोरांच्या आया सुट्टीत भेटायला येत्यात, त्या उभ्या ऱ्हात्यात ह्याच्यावर, गंमत म्हणून. तुमाला डाक्टरनं चालायला सांगितलंय न्हवं? मग चाला. फुकट हाय."

आबासाहेब हसले. "फुकाटचं आमाला लागू पडत न्हाई, सुभेदार." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "मास्तर, तुमचं काय मत?"

खोलीत गारठा होता. सुभेदार माझ्याकडं बघत होते. त्यांच्या नजरेत काही आव्हान नव्हतं, उलट भरवसा होता: हाही आपल्यासारखाच पीटीवाला, बरोबर तेच सांगेल. मला सगळं ठाऊक होतं. हृदय हाही एक स्नायू आहे, त्याला काम दिलं तरच तो सुधारतो, कातडी हलवून त्याच्यापर्यंत काही पोचत नाही. हे मी आठवीच्या पोरांना फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं. आणि मार्च महिना अडीच महिन्यांवर होता.

मी म्हणालो, "पट्ट्याचं चांगलं आहे, आबासाहेब. रक्ताभिसरण होतं."

रक्ताभिसरण. असा शब्द वापरला की खोटं बोलणाऱ्याला आपण खोटं बोलतोय असं वाटत नाही. सुभेदारांनी मोटरवर फडकं टाकलं. आम्हाला पोचवायला ते दारापर्यंतही आले नाहीत.

संक्रांतीनंतर मशीन आलं. मुंबईहून रेल्वेनं मिरजेला, मिरजेहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भुश्शाच्या गादीवर. माडीवरच्या खोलीत त्याची प्रतिष्ठापना झाली. हो, हार घातला, नारळ फोडला. मग आठ-पंधरा दिवस गावातली वजनदार माणसं एकेक करून हलून गेली. सरपंच हलले, सोसायटीचे चेअरमन हलले. पट्टा सोडला की प्रत्येक जण खुर्चीत बसून "लय हलकं वाटतंय" म्हणायचा आणि तुपातल्या शिऱ्याची ताटली पुढं ओढायचा. बाहेर रस्त्यानं उसाच्या गाड्या चाललेल्या असायच्या. लोखंडी धावांचा करकर आवाज, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, आणि वर माडीवर त्या मोटरची गुरगुर. मी तिथंच एका बाजूला उभा असायचो, तज्ज्ञ म्हणून.

ह्या सगळ्यात नुकसान एकाचंच होत होतं. मिरजेहून आल्यावर आबासाहेब निदान अंगणात तरी दोन फेऱ्या मारायचे. मशीन आल्यावर त्याही बंद झाल्या. "मशीन हाय की," असं म्हणून मटणाचा रस्सा पुन्हा सुरू झाला. महाशिवरात्रीपर्यंत माडीचा जिना चढताना त्यांना मधे दोनदा थांबावं लागायला लागलं. पायांना सूज दिसायची. बोलताना वाक्य पुरं व्हायच्या आधी श्वास संपायचा. मला ते दिसत होतं. मी दम मोजायचा धंदा करणारा माणूस, मला नाही दिसणार तर कुणाला?

आणखी एका व्यक्तीला दिसत होतं. वहिनीसाहेबांना, म्हणजे आबासाहेबांच्या पत्नीला. त्यांचं माहेर कवठे महांकाळकडचं, कुसळाच्या मुलखातलं. लहानपणी तीन मैलांवरून पाणी आणलेली बाई. पंधराव्या वर्षी लग्न होऊन ह्या घरात आल्या आणि तिथून पुढं अंगणाबाहेर त्यांचं पाऊल जमिनीला लागलं नाही. आधी पडदा लावलेल्या छकड्यातून, मग जीपमधून. पेठेतनं चालत जाणं त्यांच्या घरच्या बाईला शोभत नव्हतं. सडपातळ होत्या, कमी बोलायच्या. चौथीपर्यंतच शिकल्या होत्या.

एका दुपारी मी माडीवरून खाली उतरत होतो. त्या अंगणात सांडगे वाळत घालत होत्या आणि वरून पडणारी राख लागू नये म्हणून त्यावर लुगडं पसरत होत्या. मला थांबवलं. "मास्तर, एक इचारू?"

"विचारा की."

"ह्या मशिनीनं खरंच काय गुण येतुया का? तुमी शिकल्यालं हाय. कुणाला सांगायची न्हाई मी. पर मला खरं सांगा."

वर मोटर गुरगुरत होती. आसपास कुणी नव्हतं. ह्याहून सोपी संधी माणसाला मिळत नाही. वाक्यही छोटं होतं: नाही येत, त्यांना चालवा. मी म्हणालो, "येतो की वहिनीसाहेब. रक्त फिरतं त्यानं."

"रक्त फिरतं," त्या म्हणाल्या. माझ्या तोंडाकडं क्षणभर बघितलं आणि पुन्हा लुगड्याची टोकं दगडांनी दाबू लागल्या.

इथं थोडं थांबतो. परवा पुतण्यानं मला आग्रहानं त्याच्या ओळखीच्या एका जिममध्ये नेलं होतं, नमुना बघायला. काचेच्या भिंतीपाशी नऊ माणसं एका रांगेत चालत होती. समोर खिडकी होती, खिडकीबाहेर रस्ता होता, रस्त्याकडेला गुलमोहरांची सावली होती आणि त्या सावलीत त्यांच्या नऊ गाड्या उभ्या होत्या. प्रत्येकाच्या कानात काहीतरी होतं, डोळ्यांसमोर काहीतरी होतं. घाम खरा होता, ते नाकारत नाही. पट्टा ओढणाऱ्या त्या मशीनपेक्षा ही यंत्रं शंभर पटींनी प्रामाणिक आहेत, हेही कबूल करतो; निदान माणसालाच पाय उचलावा लागतो. पण त्या रांगेत मला आबासाहेबच दिसत होते. चालायला हरकत नाही, चालताना कुणी बघायला नको. बघितलं तर व्यायाम करताना बघावं. कुठं तरी पायी निघालेला माणूस म्हणून नको. पन्नास वर्षं झाली, ऊस वाढला, रस्ते झाले, आणि पायांची लाज काही गेली नाही. पुतण्यानं बाहेर आल्यावर विचारलं, "मग? कुठलं घेऊ?" मी म्हणालो, "तुझ्या मनाला येईल ते घे. माझं मत विचारू नकोस. माझ्या मतानं एकदा एक माणूस मरता मरता राहिलाय."

मरता मरता राहिला, तो असा.

वहिनीसाहेबांच्या त्या प्रश्नाला चारच दिवस झाले होते. सकाळचा तिसरा तास, माझा नववीचा वर्ग मैदानावर लेझीम खेळत होता. आबासाहेबांच्या मळ्यातल्या उसाला तोड आली होती आणि त्या दिवशी त्यांना फडावर जायचंच होतं. मळा गावापासून मैलभर. पण घराबाहेर जीप नव्हती. वहिनीसाहेबांनी पहाटेच ती आपल्या आईला आणायला म्हणून माहेरी धाडली होती. आबासाहेब दारात उभे राहून ओरडत होते, "मग आता मी जाऊ कसा?"

पुढचं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, कारण शाळेचं मैदान पार आबासाहेबांच्या घरासमोरपर्यंत आलेलं होतं. वहिनीसाहेब बाहेर आल्या. डोक्यावर पदर, पायात नवऱ्याच्या जुन्या वहाणा. त्यांच्या स्वतःच्या वहाणा नव्हत्याच, लागल्याच नव्हत्या कधी. म्हणाल्या, "आवं, पायानं. ह्ये असं." आणि अंगण ओलांडून चालायला लागल्या. पेठेच्या दिशेनं. एकट्या.

सगळी लेझीम थांबली. मी थांबवली नव्हती.

आबासाहेबांपुढं आता दोनच वाटा होत्या. संचालकाची बायको भर पेठेतनं एकटी चालत गेली, हे गावाला बघू द्यायचं. किंवा तिला थांबवायला तिच्यामागं जायचं. जाणार कसं? पायानं. "अगं ए! थांब! लोक बघत्यात!" दबल्या आवाजात ओरडत ते निघाले. त्या थांबल्या नाहीत. पण भरभरही चालल्या नाहीत. मागच्या माणसाला दम लागणार नाही, आणि गाठताही येणार नाही, असं बरोबर अंतर राखून चालल्या. मला माझ्या सर्टिफिकेटाच्या कोर्सात हे शिकवलं नव्हतं.

मी शिट्टी मॉनिटरच्या हातात दिली आणि त्यांच्यामागं निघालो. मदतीला नव्हे, भीतीनं. हा माणूस आज रस्त्यात पडला तर त्याला मारणारा मीच, हे मला ठाऊक होतं. अशी आमची तिघांची मिरवणूक पेठेतनं गेली. पुढं त्या, वीस पावलांवर आबासाहेब, वीस पावलांवर मी. दुकानाच्या फळ्यांवर बसलेली माणसं उठून उभी राहिली. कुणी तरी नमस्कार केला. "कुठं निघालाय आबासाहेब?" आबासाहेबांनी श्वास गोळा करून सांगितलं, "मळ्याकडं. जरा पाय मोकळं करतुया." मी ते ऐकलं आणि तशाही स्थितीत मला चीड आली. दुसऱ्या वाक्यालाच त्यांनी बायकोचा पराक्रम आपल्या नावावर करून घेतला होता.

गावाबाहेर दोनदा थांबावं लागलं. एकदा ओढ्याच्या पुलावर, एकदा बाभळीखाली. दोन्ही वेळा त्याही थांबल्या, वळून बघितलं नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. फडावर पोचायला पाऊण तास लागला. आबासाहेबांना वाटत होतं तोडकरी काम टाकून बघत राहतील. एकानंही मान वर केली नाही. कोयते चालले होते, पाचोळा उडत होता, बायका मोळ्या उचलत होत्या. ज्या नजरांच्या भीतीनं हा माणूस मरायला निघाला होता, त्या नजरांना सवडच नव्हती.

एका तोडकरणीकडून वहिनीसाहेबांनी पाण्याचा तांब्या मागून आणला आणि बांधावर बसलेल्या नवऱ्यासमोर धरला. आबासाहेबांच्या कपाळावर घाम होता, पण ओठांना रंग होता. मी लांबून तेवढंच बघत होतो.

"दम लागला?" त्यांनी विचारलं.

"लागला."

"छातीत दुखतंय?"

"न्हाई."

"मग उद्या बी येऊ."

आणि आले. जीप चार दिवसांनी परत आली, तरी आले. आधी चिडून, मग सवयीनं, मग गुपचूप आवडीनं. वैशाखापर्यंत पायांची सूज उतरली, माडीचा जिना एका दमात चढू लागले. मशीनवर धूळ बसली. पुढं गड्यांनी त्याची मोटर काढून ताकाच्या रवीला जोडली आणि ती पहिल्यांदा कामाला लागली. आबासाहेब त्यानंतर एकोणीस वर्षं जगले. निवडणुकांत पडणं राहिलं बाजूलाच, "आबासाहेब म्हंजे पायी हिंडणारा मानूस, गरिबाचं दुखणं त्याला कळतंय" अशी त्यांची ख्याती झाली. भाषणात ते स्वतःच ते सांगायचे, आणि समोर बसलेली माणसं टाळ्या वाजवायची. ज्यानं चालायला लावलं त्या बाईचं नाव एकाही भाषणात आलं नाही. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचो. हेही लिहून ठेवायला पाहिजे.

मार्चअखेर माझी कायमची ऑर्डर झाली. तिचा त्या मशीनशी काही संबंध नव्हता. आदल्या वर्षीच ठराव झाला होता; नुसती सही राहिली होती. मी खरं बोललो असतो तरी ती झाली असती. हे कळल्यावर आनंद व्हायला पाहिजे होता.

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम आटोपला, त्या आठवड्यात मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. तोडकऱ्यांच्या गाड्या गावाबाहेर पडत होत्या. राख पडायची थांबली होती, अंगण स्वच्छ होतं. आबासाहेब मळ्याकडं गेले होते, अर्थात पायी. वहिनीसाहेब ओट्यावर बसून गहू निवडत होत्या. मी पुडा त्यांच्यापुढं ठेवला, उभाच राहिलो. बोलायचं ठरवून गेलो होतो.

"वहिनीसाहेब, त्या दिवशी तुम्ही मशीनचं विचारलंत, तेव्हा मी खोटं बोललो."

"ठावं हाय," त्या सुपातनं नजर न काढता म्हणाल्या.

"मला तुम्हाला फसवायचं नव्हतं. मला वाटलं, तुम्हाला त्यातलं काही कळत नसेल, उगीच काळजी..."

त्यांनी सूप खाली ठेवलं. रागावल्या नव्हत्या. माझ्याकडं अगदी शांतपणे बघितलं.

"मशिनीचं मला तवाच कळलं हुतं, मास्तर. नुसतं हलून मानूस बरा झाला असता तर छकड्यात बसून आमी सगळी पैलवान झालो असतो. मशिनीचं नव्हतं इचारायचं मला. तुमी कसं हाय, त्ये बघायचं हुतं. आमच्या पोरास्नी तुमी शिकवताय."

त्यांनी पुडा सोडला, त्यातला एक पेढा उचलून तोंडात टाकला.

"चांगला हाय," त्या म्हणाल्या. पेढ्याबद्दल म्हणाल्या.